बी चालत होतं, हात चालत नव्हता

बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी विंचूरला लेकीकडे होते. शेजारच्या घरी फोन आला. तिथली सून कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मावशी, नाशिकच्या तुमच्या थोरल्या जाऊबाई गेल्या म्हणे. लगेच या म्हणतात." लेकीने नुकताच चहा गाळला होता, तो तसाच राहिला. एस.टी.त खिडकीपाशी बसले आणि निफाड मागे पडलं, चांदोरी मागे पडली, तरी डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला होता. कोणाचा, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता पाच आठवडे होऊन गेलेत. आता सांगता येईल असं वाटतं, म्हणून ही वही घेऊन बसले आहे.

मी पोहोचले तोवर त्यांना नेलं होतं. दहाव्याला गंगेवर, गोदावरीच्या काठी, माणूस पुष्कळ जमलं. प्रवचन झालं, मग वॉर्डातले दोन पुढारी बोलायला उभे राहिले. एक म्हणाले, माऊली फार सोशिक होत्या. दुसरे म्हणाले, सोशिक तर होत्याच, पण कधी घराचा उंबरा ओलांडून बाहेर आल्या नाहीत. मी बायकांत मागे बसले होते. उंबरा ओलांडला नाही? दसरा झाला की मखमलाबादच्या शिवारातल्या दहा-बारा मळ्यांत जाऊन कांद्याचे वाफे टाकून देणारी बाई ती. या बोलणाऱ्याच्या आईच्या वाफ्यातसुद्धा त्यांचाच हात होता. आणि सोशिक म्हणजे काय? ज्यांनी सोसायला लावलं त्यांनीच नंतर हार घालून सोशिक म्हणायचं, ही कुठली रीत... पेपरात फोटो आला, त्याच्याखालीही तेच. प्रेमळ, सोशिक, धर्मपरायण. कांद्याचं नाव नाही. चाळीस वर्षं ज्या बाईच्या नखांतून काळी माती निघाली नाही, तिच्याबद्दल लिहायला कोणाला मातीतला एक शब्द सापडला नाही.

बाई म्हणजे ठकूबाई, माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन या मळ्यात आले तेव्हा चौथी झालेली, कोणी नाव विचारलं तरी पदर तोंडाशी धरणारी पोर होते. सासूबाई कडक. पण बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात चुलीपासून उठवून कांदा साठवायच्या चाळीत नेलं. ढिगातला एक कांदा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मान दाबून बघ लीला. जाड लागते का?" मी म्हटलं, लागते. "मंग हा खायचा. बियाला पातळ मानेचाच घ्यायचा." असं त्या उन्हाळ्याच्या ढिगातून मध्यम, गोल, एका रंगाचे कांदे वेचून बाजूला ठेवायच्या. दिवाळीपर्यंत त्यांतला जो कुजला नाही, ज्याला कोंब फुटला नाही, तोच पास. मग त्याचा वरचा भाग कापून आत पाहायचं. कोंबाचा एकच डोळा असेल तर मातीत, दोन डोळ्यांचा असेल तर कालवणात. मातीत लावलेल्या त्या कांद्यांना उंच दांडे येतात, त्यांना आम्ही डोंगळे म्हणतो, आणि त्यांच्या डोक्यावर पांढरे गोंडे. चैत्रात गोंडा वाळून आतलं काळं बी दिसायला लागलं की बाई सकाळी, दव असताना कापायच्या. दुपारी कापलं तर निम्मं बी खाली सांडतं.

कांद्याच्या बियाला आमच्याकडे उळं म्हणतात. उळं टाकायची घाई बाईंना आवडत नसे. लोक श्रावण संपला की विचारायला लागायचे. त्या म्हणायच्या, "दसऱ्याचं सोनं वाटून होऊ द्या. सकाळी पाटात पाय घातला आणि गार लागला की मी येते." उकाड्यात टाकलेलं रोप माना टाकतं, आणि फार थंडीवर नेलं तर लावणीला उशीर होऊन कांदा पोसत नाही. घरापुरत्या कांद्याला एका खाटेएवढा वाफा पुष्कळ. तो जमिनीपासून वीतभर उंच करायचा, म्हणजे पाणी साचत नाही. वर जुनं, मुरलेलं शेणखत चाळून घालायचं. विळ्याच्या टोकाने आडव्या रेषा ओढायच्या, दोन रेषांत चार बोटं जागा, आणि रेष नखाएवढीच खोल. बी दोन बोटांच्या चिमटीतून विरळ सोडायचं. "दाट टाकलं की भाऊभाऊ भांडतात," असं म्हणून त्या हसायच्या. मग वर पुन्हा चाळलेल्या खताचा पातळ थर, त्यावर वाळलं गवत, आणि पाणी झारीनेच. पाटाचं पाणी सोडलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. आठ दिवस गवत ओलं ठेवायचं, आणि उगवण झाली की गवत संध्याकाळी उचलायचं, उन्हात नाही. पन्नास दिवसांनी रोप काडीएवढं होतं, तेव्हा उपटून लावणी.

आणि एक नियम होता. कांद्याचं बी एका वर्षाचंच. या चैत्रातलं बी या दसऱ्याला मातीत गेलं पाहिजे. पुढच्या दसऱ्यापर्यंत उरलं तर ते दिसायला तसंच काळं, तसंच टणक असतं, पण आत जीव नसतो. शंभरातलं एखाद-दुसरं उगवलं तर उगवलं. बाई उरलेलं बी सरळ उकिरड्यात टाकायच्या आणि सासूबाई दर वर्षी त्यावरून बोलायच्या. "चांगलं बी फेकतीस? माजलीस तू थोरले." बाई म्हणायच्या, "आत्याबाई, मेलेल्याला कितीबी दिवस घरात ठेवलं तरी ते उठून जेवायला बसत नाय." यावर सासूबाईंनाही हसू यायचं.

वाफा सुवासिनीच्या हातून टाकायचा अशी आमच्या शिवारात रीत. पहिली चिमूट तिची. तिला पाट मांडायचा, हळदकुंकू लावायचं, खणाने ओटी भरायची आणि मग तिने वाफ्याकडे वळायचं. बाईंचा हात चांगला, असं सगळे म्हणत. शेजारच्या मळ्यातले नाना स्वतः सायकलीवरून यायचे आणि ओट्याखाली उभे राहून म्हणायचे, "ठकूबाई, तुम्ही आल्याबिगर आमचं उळं नाय पडायचं." त्या आठवड्यात बाईंच्या पिशवीत दहा-दहा खण जमायचे. त्यांतला एक माझ्याकडे फेकायच्या. "घे, तू चहा केलास त्याची ओटी."

थोरले भाऊजी, बाईंचे मालक, नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी वारले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्यानंतरच्या दसऱ्याला बाईंनी नेहमीसारखा वाफा केला. खत चाळलं, रेषा ओढल्या, बियाचा डबा आणून ठेवला. सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "थोरले, तू बांधाच्या पल्याड हो. धाकली टाकंल."

"आत्याबाई, तिनं कधी टाकलं नाय."

"शिकंल."

बाईंनी हात पदराला पुसले, डबा माझ्या हातात दिला आणि बांध ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. स्वतः केलेल्या वाफ्यापासून दहा पावलं लांब. माझी पहिली चिमूट एका जागी ढीग होऊन पडली. तेव्हा पलीकडून हळूच आवाज आला, "लीला, वारा पाठीवर घे." मी वळले. मग बी नीट पडायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, बघ, जमलं की हिला. जमलं नव्हतं. बांधापलीकडून बाईच टाकत होत्या.

त्या वर्षी नाना सायकलीवरून आले, पण ओट्याखाली उभं राहून बोलावलं नाही. आत आले आणि बी मागितलं. तसेच बाकीचेही आले. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. बाईंनी निवडलेला कांदा चालत होता. बाईंनी कापलेला, लावलेला, पाणी दिलेला डोंगळा चालत होता. त्यांनी तळहातावर चोळून, पाखडून काढलेलं बी चालत होतं. फक्त तेच बी त्याच हाताने मातीत सोडलेलं चालत नव्हतं. बी चालत होतं, हात चालत नव्हता. आणि आम्ही सगळ्या बायका, कपाळाला मोठं कुंकू लावून, याला रीत म्हणत होतो.

पुढच्या वर्षी चैत्रात गारपीट झाली. गोंडे झडले, बी निम्म्याहून कमी निघालं. माझ्या मालकांनी मात्र सात घरांना बी देतो म्हणून आधीच शब्द देऊन ठेवला होता. आदल्या वर्षीचं उरलेलं बी बाईंनी फेकायला म्हणून फडक्यात बांधून गोठ्याच्या दारामागे ठेवलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीला शेणी आणायला गोठ्यात गेले, तर मालक घमेल्यात दोन्ही बी एकत्र करत होते, जुनंच जास्त. खालून वर, खालून वर, पीठ कालवतात तसं.

मी म्हटलं, "ते जुनं हाय ना?"

"तुला काय फरक दिसतो का?"

"बाई म्हणतात, जुनं..."

"बाई म्हणतात! शब्द मी दिलाय, बाईंनी नाय. तू काही पाहिलं नायस."

मी शेणी घेऊन बाहेर आले. खरंच काही न पाहिल्यासारखी.

बारा दिवसांनी नाना आणि आणखी दोघे आले. ओट्यावर बसले, पाणी दिलं तर घेतलं नाही. नाना म्हणाले, "ठकूबाई, सातही घरचे वाफे बोडके राहिले. कुठं एखाद-दुसरं पातं." बाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, माती उकरून पाहिलीत का, बी कुजलंय की तसंच आहे, पाणी किती दिलंत. अगदी डॉक्टर विचारतो तसं. नानांनी मध्येच तोडलं. "मातीला काय इचारता? दोष मातीचा नाय."

"मंग कशाचा?"

"आता आमच्या तोंडून वदवता का? बी कोणाच्या हातचं ते आम्ही आधी बघायला पाहिजे होतं."

आतून सासूबाई म्हणाल्या, "मी तर तेव्हाच म्हणत होते, गोंड्यांना हिचा हात नको." आणि माझे मालक तिथेच बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. सुपारीचा एकेक तुकडा सारखा, नीट. मी दाराआड होते. एवढंच बोलायचं होतं की यांनी जुनं बी मिसळलं. मोजून चार शब्द. ते माझ्या तोंडातून आले नाहीत.

बाईंनी त्याच दिवशी स्वतःच्या डब्यातलं न मिसळलेलं बी घेतलं, शंभर दाणे मोजले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आठ दिवसांनी ते गोणपाट उलगडून मालकांच्या पुढ्यात ठेवलं. ऐंशीच्या वर दाण्यांना मोड होते. म्हणाल्या, "हे माझ्या डब्यातलं. तुम्ही वाटलं ते कुठलं?" मालक म्हणाले, "वहिनी, आता हे गोणपाट घेऊन दारोदार फिरणार का? झालं ते झालं. तुमच्या नावाकडं आता कोण बघणार हाय?" शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू, समजूत घालावी तसं म्हटलं. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या पाण्यावर आम्ही दोघी धुणं धूत होतो. बाई म्हणाल्या, "लीला, उळं वाटायला काढलं त्या दिवशी तू गोठ्यात गेली होतीस ना?"

मी म्हटलं, "नाय बाई. मी पाण्याला गेले होते."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी मघापासून एकच टॉवेल पिळत होते. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पिळायला पुढचं लुगडं माझ्या हातात दिलं. त्यानंतर बारा-तेरा वर्षं आम्ही एका अंगणात काढली, पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मला नवऱ्याचा धाक होता असं म्हणून मी सुटू शकते. पण ते खरं नाही. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. मला भीती होती ती एवढीच, की मी बोलले तर ओट्यावरचे सगळे वळून माझ्याकडे बघतील. तेवढ्यासाठी मी एका बाईचं नाव जाऊ दिलं. या वहीत मला सगळ्यात जास्त राग माझाच आला आहे.

त्यानंतर बाईंच्या बियाला कोणी विचारलं नाही. आमच्या शेतातही दुकानातली पाकिटं यायला लागली. बाई मात्र दर वर्षी त्यांच्या खोलीच्या मागे खाटेएवढा वाफा करायच्या आणि स्वतःच्या हाताने टाकायच्या. आता त्यांना बांधापलीकडे कोणी पाठवत नव्हतं, कारण त्या वाफ्याची कोणाला फिकीरच नव्हती. कांदा निघाला की मात्र तो सगळ्यांच्या ताटात. मालक भाकरीबरोबर तोच कांदा बुक्कीने फोडायचे आणि म्हणायचे, घरच्या कांद्याची चव वेगळीच. बाई समोर वाढत असायच्या.

पुढे काही वर्षांनी मळ्यात शेतकऱ्यांसाठी शिबिर झालं, मांडव घातला. शेतीखात्याच्या साहेबांनी कांद्याचं बी घरी कसं धरायचं ते सांगितलं. मध्यम कांदा निवडा, एक डोळ्याचा घ्या, वाफा उंच करा, जुनं बी वापरू नका. साहेबांनी प्रश्न विचारले की माझे मालक हात वर करून फटाफट उत्तरं देत होते. सगळी बाईंची. त्यांना शाल आणि नारळ मिळाला. बाई आणि मी मांडवाच्या कडेला चहाच्या पातेल्यापाशी होतो. साहेब म्हणाले, पेरायच्या आधी दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण तपासा. माणसं माना डोलवायला लागली. बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "दहानं काय कळतं? शंभर मोजायला हात दुखतात वाटतं साहेबाचे." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही. मी त्या शालीकडे बघत होते.

या वर्षी घट बसायच्या आधी त्या गेल्या, दोन दिवसांच्या तापात. आमच्याकडे घट बसले नाहीत, दसरा तसाच गेला. मग दत्तू, त्यांचा मुलगा, आईची खोली आवरायला लागला. शेती आता तोच बघतो. फळीवरचा बियाचा डबा त्याने खाली काढला. याच चैत्रातलं बी, भरलेला डबा. माझ्या हातात देत म्हणाला, "काकू, हे उकिरड्यात टाका. आईच्या हातचं आहे, जीव होत नाही. पण त्या वर्षीसारखं व्हायला नको."

मालक बाजेवर चहा पीत होते. या दसऱ्याला हे बी मातीत गेलं नसतं, तर पुढच्या दसऱ्याला ते मेलेलं असतं. मग बाईंचा कांदा या जगात कुठे उरला नसता, उरली असती ती फक्त त्यांच्या हाताची बदनामी, आणि ती त्यांच्या पोटच्या मुलाच्या तोंडून. मी विचारलं, "त्या वर्षी काय झालं होतं दत्तू?"

"सगळ्यांना माहीत आहे काकू."

"सगळ्यांना नाय. दोघांनाच. एक मी, आणि एक हे चहा पितायत ते."

मग सांगितलं. घमेलं, फडक्यातलं जुनं बी, खालून वर कालवणारे हात. माझा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. मालक म्हणाले, "डोकं फिरलंय हिचं. जाऊ गेल्याचं मनाला लावून घेतलंय." दत्तूने त्यांच्याकडे पाहिलं. "काका?" मालकांनी बशीतला चहा संपवला. "त्याला आता लय वर्षं झाली," म्हणाले. झालं नाही, असं म्हणाले नाहीत.

दत्तूने मला विचारलं, "आईला माहीत होतं?"

"होतं. तिनं मला विचारून पाहिलं. मी नाही म्हटलं."

त्याने डबा माझ्या हातून परत घेतला आणि मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं, मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी नानांच्या मळ्यात गेले. एकटी. नाना आता थकलेत, बाजेवरच असतात. त्यांची सून मंदा बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी टेम्पोच्या अपघातात गेला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाना ऐकून म्हणाले, "झालं गेलं. ती तर गेली. आता त्याचं काय?"

"तिच्यावर घातलेला आळ काढून घ्या."

"बरं, काढला." अंगावरची माशी हाकलावी तसं. मग म्हणाले, "बी असंल तर दे मूठभर. आणि ये तूच टाकायला. तुझा हात चालंल."

मी म्हटलं, "बी बाईंचं हाय नाना. त्यांच्या हातानं काढलेलं."

"बियाचं कोण म्हणतंय? टाकायचं म्हणतोय मी."

म्हणजे एवढं सांगून, एवढी वर्षं पोटात ठेवलेलं ओकून, ही गाडी जिथे होती तिथेच. खोटं कळलं, चूक कळली, पण रीत जागच्या जागी. मी म्हटलं, "मंग उळं नाय मिळायचं तुम्हाला."

"राग आला व्हय धाकलीला?" नाना हसले.

"हो," मी म्हटलं आणि निघाले.

बांधापर्यंत आले तर मागून मंदा आली. हाताला मेथीची माती तशीच. म्हणाली, "काकू, मला शिकवता का? आमच्या वाफ्यात नको. तुमच्याकडं." मी तिच्याकडे पाहिलं. एवढ्याशा वयाची सून, दोन वर्षांत कुठल्या हळदीकुंकवाला दिसली नव्हती, आणि मीही तिला बोलावलं नव्हतं. म्हटलं, "उद्या सकाळी ये. पाणी गार असताना."

बाईंच्या खोलीमागे दत्तूने तीन वाफे केले होते, खतसुद्धा स्वतः चाळलं. मंदा आली आणि वाफ्यापासून लांबच थांबली. मी डबा तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "आधी तुम्ही, काकू. मग मी."

"नाही. पहिली चिमूट तुझी."

"कोणी काही म्हणालं तर?"

"म्हणू दे. ऐकायला मी आहे."

तिने चिमूट सोडली. दाट पडली, मी बोटाने पसरून दिली. दुसरी बरी पडली. तिसऱ्या रेषेपर्यंत तिचा हात सुटला. मालक गोठ्याच्या दारात उभं राहून बघत होते, मग आत गेले. सगळं बी आम्ही टाकलं, डब्यात एक दाणा ठेवला नाही. पुढच्या वर्षीच्या डोंगळ्यांसाठी बाईंनीच निवडलेले कांदे चाळीत आहेत, ते दिवाळीनंतर लावायचे.

आठव्या दिवशी गवताची कड उचलली तर उगवलं होतं. कांद्याचं रोप आधी सरळ येत नाही, दोरा दुमडून सुईत घालावा तसं वाकून वर येतं. तिन्ही वाफे तसे भरलेले. दत्तू उकिडवा बसून बघत राहिला. म्हणाला, "काकू, नानांना बोलावू का बघायला?" मी म्हटलं, "नको. त्यांना बघायचं तर ते आपल्या पायांनी येतील."

ते आले नाहीत. पण दहाव्याला उंबऱ्याचं बोललेल्या त्या पुढाऱ्याच्या आईने काल माणूस पाठवला, वाफे छान दिसतात म्हणे, लावणीच्या वेळी घरापुरतं रोप मिळेल का. मी निरोप दिला, रोप आहे, पण पाठवलेल्या माणसाच्या हाती मिळणार नाही. ज्याला पाहिजे त्याने स्वतः यायचं. दत्तू आईच्या खोलीला कुलूप लावणार होता, मी लावू दिलं नाही. झाडून सतरंजी घातली आहे, मागचं दार उघडं ठेवलं की तिथून वाफे दिसतात. रोपाला येईल त्याला तिथे बसवणार आहे. पाणी देईन, चहा देईन... आणि मग बाईंनी माझ्या हातात पहिला कांदा दिला तिथपासून, मधलं काहीही न गाळता, सगळं सांगेन. पूर्ण ऐकून घेईल त्यालाच रोप.